पडक्या देवळातला हात

माझ्या आईचा देवावर जेवढा विश्वास आहे, त्याहून जास्त देवाच्या रागावर आहे. देव देतो असं ती सणासुदीला म्हणते. देव सोडत नाही असं रोज म्हणते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी पोरांना पाऊस कसा पडतो आणि ग्रहण कसं लागतं हे शिकवण्यात घालवली, आणि ग्रहणाच्या दिवशी माझ्याच घरात पाण्याच्या हंड्यावर तुळशीचं पान असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी कितीदा तरी भांडले. आई सगळं ऐकून घ्यायची आणि पान ठेवायची.

पान ठेवण्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण आईच्या या भीतीत माझ्या धाकट्या बहिणीचा हात अडकून पडला होता, आणि त्या हाताखाली तिची मुलगी, माझी भाची, वाढत होती.

शहाद्याच्या उत्तरेला, म्हसावदच्या पुढे, जिथे केळी-पपईचे बाग संपतात आणि सातपुड्याच्या पायथ्याचा साग सुरू होतो, तिथे एका नाल्याच्या काठी पडकं देऊळ आहे. किती जुनं ते कुणाला माहीत नाही. विचारलं की लोक पांडवांनी बांधलं म्हणतात. आमच्याकडे ज्याचा कर्ता ठाऊक नाही असं प्रत्येक दगडी काम पांडवांच्या नावावर जमा आहे. मंडपाचं छत कधीच खाली आलंय. खांब आडवे पडलेत, त्यांवर सरडे ऊन खातात. भिंतीतल्या दगडी बायकांना चेहरे उरलेले नाहीत, फक्त अंबाडे आणि बांगड्या उरल्यात. गाभारा तेवढा शाबूत आहे. त्यात शाळुंका आहे, पण तिच्यातली पिंड नाही. कोणी नेली, कधी नेली, काही पत्ता नाही. म्हणजे देव नाहीच तिथे, पण नवस चालू आहेत.

नवसाची रीत अशी. मूल होत नसलेल्या बाईने तेलात कालवलेल्या गेरूत हात बुडवायचा आणि गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या भिंतीवर तो उलटा उमटवायचा, बोटं खाली, मनगट वर. मूल झालं की त्याला कडेवर घेऊन परत यायचं आणि त्या उलट्या हाताच्या शेजारी सुलटा हात उमटवायचा. मागितलं होतं, मिळालं, हिशेब मिटला. वरून दोन आडव्या शिळांचा आडोसा असल्यामुळे त्या भिंतीला पाऊस लागत नाही. त्यामुळे जुने हातही टिकून आहेत, एकावर एक, गर्दीत उभे राहिल्यासारखे.

माझी धाकटी बहीण डावरी होती. सगळं आपसूक डाव्या हाताने करायची. आईला ते खपत नसे. पानावर डावा हात नको, पाहुण्यासमोर नको, देवासमोर तर नकोच नको. जेवायला बसताना आई जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन तिचा डावा हात कमरेशी बांधून टाकायची. धाकटी उजव्या हाताने कसाबसा घास उचलायची, निम्मी आमटी फ्रॉकवर. मी मोठी, मला हसू यायचं, आणि जेवण झाल्यावर चिंधी सुटली की ती त्याच डाव्या हाताने मला असा चिमटा काढायची की दोन दिवस वळ राहायचा. पुढे ती हुशार झाली. आईसमोर सगळं उजव्याने करायची, आई पाठमोरी झाली की डाव्याने. भाकरीसुद्धा. डाव्या हाताने थापलेली तिची भाकरी जास्त गोल व्हायची आणि आईला ते ताटातच कळायचं.

तिचं लग्न म्हसावदच्या बाजूलाच एका गावात झालं. माझं जमलं नाही, आणि नंतर मी ते जमू दिलं नाही. तो विषय वेगळा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी धाकटीचा पाळणा हलेना. शेवटी आई आम्हा दोघींना घेऊन त्या देवळात गेली. मी नाक मुरडत गेले, पण गेले. गेरूची वाटी माझ्याच हातात होती. धाकटी भिंतीपाशी उभी राहिली तेव्हा आई तिच्या मागे पहाऱ्याला उभी, आणि म्हणाली, "उजवा." धाकटीने मान हलवली. आई पुन्हा म्हणाली, "उजवा वं, ध्यान ठेव." धाकटीने उजवा हात गेरूत बुडवला आणि एका बिनचेहऱ्याच्या दगडी बाईच्या पायाखाली तो नीट उलटा उमटवला. आणि तेवढ्यात आईला दिसणार नाही असा डावा हात पोटाशी धरून माझ्याकडे बघत तिने त्याची बोटं नाचवली. मला हसू आवरेना. देवळात हसतेस म्हणून आईने माझी कानउघाडणी केली ती घरी येईपर्यंत.

तिला दिवस गेले. मुलगी झाली, आणि त्याच दिवशी धाकटी गेली. रक्त थांबलं नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, आम्ही रक्त द्यायला उभे होतो. त्याबाबत माझं कुणाशी भांडण नाही, आणि असं मला फार थोड्या गोष्टींबाबत म्हणता येतं. वडिलांनी घरातला तिचा फोटो उतरवून ठेवला आणि तिचा विषय काढायचा नाही असं सांगितलं. ते असेपर्यंत कुणी काढला नाही. मेहुण्यांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं, ते सुरतेला निघून गेले. भाची आमच्याकडे राहिली. आईची मांडी आणि माझा पगार, यांवर ती वाढली.

भिंतीवरचा उलटा हात मात्र तसाच राहिला. सुलटा करायचा तो मागणाऱ्या बाईनेच. ती बाईच नाही तर कुणी करायचा, याचं उत्तर आईला कुणी धड देईना. एक म्हातारी म्हणाली, मूल मोठं झाल्यावर त्याने करावा. दुसरी म्हणाली, छे, मेलेल्या बाईचा नवस कुणी हात लावून ओढवून घेऊ नये. आईने दोन्ही ऐकलं आणि काहीच केलं नाही. घाबरत तेवढी राहिली. भाचीला ताप आला की औषध मी द्यायची, आणि आई ओट्यावर जाऊन उत्तरेकडे बघायची, जिकडे हिवाळ्यातल्या सकाळी सातपुड्याची निळी रेघ दिसते. ताप कशाचा, तर हाताचा. बारावीला एका विषयात राहिली, तीही हातामुळेच. मी म्हणायचे, गणिताच्या पेपरला देव कशाला बसेल? आई पुन्हा ओट्यावर जायची.

बावीस वर्षं अशी गेली. भाचीचं लग्न झालं, नंदुरबारला, चांगल्या घरात. यंदा तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं.

ती आमच्याकडे विश्रांतीला आली. पडून असायची, भिंतीकडे तोंड करून. मी तिच्याजवळ बसायचे, बोलायचे नाही. एका दुपारी आई तिच्या उशाशी बसली, तिच्या केसांतून हात फिरवला, आणि अगदी मायेने म्हणाली, "तुन्ही मायना उलटा हात ऱ्हायी गया, पोरी. ज्या घरना हात उलटा ऱ्हास, तठे पाळना हालत नही."

मी स्वयंपाकघरात होते. हातातली पळी मी तशीच टाकली आणि बाहेर येऊन आईला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पिकली म्हातारी, नातीच्या जखमेवर मीठ चोळतेस का, असं बरंच काही. शेवटी म्हणाले, "देव आहे कुठे तिथे? शाळुंका रिकामी आहे! कुणाला घाबरतेस?"

आई शांतपणे म्हणाली, "देव गया म्हनीसन नवस जास का?"

मी आत जाऊन टाकलेली पळी उचलली.

भाचीने मात्र ते मनाला लावून घेतलं. तिने जेवण टाकलं. दिवसभर स्वतःचे तळहात बघत बसायची. तिला कुणी तिच्या आईबद्दल कधी फारसं सांगितलेलंच नव्हतं. घरात विषय निघत नव्हता, आणि पुढे न निघण्याची सवय झाली. आईची म्हणून तिला एकच गोष्ट वारशाने मिळाली होती, आणि ती म्हणजे हा न फेडलेला नवस. आपण जन्मलो म्हणून ती गेली, आणि ती गेली म्हणून आपलं मूल गेलं, असं काहीतरी त्या पोरीच्या डोक्यात फिरत होतं. तिने ते एकदाच बोलून दाखवलं आणि मग देवळात घेऊन चल म्हणाली, "मावशी, माले तठे लई चाल. मी करस सुलटा."

माझी सगळी शिकवण एकीकडे आणि तिचे खोल गेलेले डोळे एकीकडे. मी गेरू आणायला गेले.

होळी तोंडावर आली होती. शहाद्याहून म्हसावदपर्यंत एसटी, तिथून पुढे बाजाराच्या गर्दीने कोंबलेली जीप. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरचीच्या पथाऱ्या वाळत पडलेल्या, त्यांचा ठसका जीपमध्ये येत होता. नंतर मिरची संपली, पळस सुरू झाला. भाचीच्या मांडीवर स्टीलचा डबा होता, त्यात तेलात कालवलेला गेरू. ती तो दोन्ही हातांनी धरून बसली होती. शेजारच्या बाईने विचारलं, काय लोणचं आहे का? भाची नुसती हसली. बऱ्याच दिवसांत ती पहिल्यांदा हसली, तेही परक्या बाईसाठी.

जीप जिथे थांबते तिथून नाल्याने चालत जावं लागतं. देवळाच्या अलीकडे पावरा आदिवासींची पाचसहा घरं आहेत. पहिल्याच घरापुढे माझ्याहून थोडी लहान, काटक बाई होळीसाठी भिंत सारवत होती. बांबूच्या कुडावर ओल्या मातीचा हात फिरत होता. मी तिला पाणी मागितलं. तिने हात धुऊन पाणी दिलं, भाचीकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. हाताच्या भिंतीकडे येणाऱ्या बायका तिला सवयीच्या असाव्यात. घरी ती तिची पावरी बोलत असणार. आमच्याशी बाजारात शिकलेली मोडकी अहिराणी बोलली. म्हणाली, वाटेत घाणेरी फार माजलीय, मी येते पुढे. आणि कोयता घेऊन निघाली.

देऊळ मला आठवत होतं त्याहून लहान निघालं. आणखी एक खांब पडला होता. वडाची मुळं गाभाऱ्याच्या शिखरातून खाली उतरली होती, दगड फाकवत. सरकारचा निळा फलक एका बाजूला कलला होता, त्यावरची अक्षरं गंजून गेली होती. पाखरांचा आवाज सोडला तर काही नाही. मला एकदम फार वाईट वाटलं. एवढं मोठं काम कुणीतरी केलं, छिन्नी घेऊन आयुष्यं घालवली, आणि आज इथे सांगायला कुणी उरलं नाही. आमच्या घरातही धाकटीचं तेच झालं होतं. हसायची कशी, चिमटे कशी काढायची, हे सांगायला कुणी तोंड उघडलं नव्हतं.

मी भाचीला भिंतीपाशी नेलं. बिनचेहऱ्याची दगडी बाई शोधायला वेळ लागला नाही. तिच्या पायाखाली तो हात होता. उजवा, उलटा, गेरूचा रंग उतरून तपकिरी झालेला.

आणि त्याला अगदी लागून दुसरा हात होता. सुलटा.

मी आधी समजले, दुसऱ्या कुणाचा असेल. त्या भिंतीवर कुणाचा कुणाला लागून नाही? मग मी अंगठा बघितला. त्या भिंतीवर असतील नसतील ते सगळे हात उजवे होते, कारण प्रत्येक बाईच्या मागे एखादी आई किंवा सासू पहाऱ्याला उभी राहिलेली असणार. हा एकटा हात डावा होता. पाची बोटं पसरून, जोर देऊन, ठसठशीत उमटवलेला.

मी माझा डावा हात त्याच्यासमोर धरून बघितला.

भाची म्हणाली, "काय व्हयनं, मावशी?" मी तिला सांगायला लागले, की तुझी आई डावरी होती, आणि माझ्या लक्षात आलं की हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. चिंधी, भाकरी, चिमटे, नाचवलेली बोटं, सगळं तिथेच पडक्या खांबावर बसून पहिल्यापासून सांगितलं. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. पण एक गोष्ट मलाच समजत नव्हती. सुलटा हात मूल झाल्यावर करायचा. मूल झालं त्या दिवशीच तर ती गेली. मग हा हात आला कधी?

पावरा बाई कोयता टेकवून उभी होती. भिंतीवरच्या त्या डाव्या हाताकडे बोट करून म्हणाली, "ती? ती उनी व्हती. पोट आसं." ती आली होती, असं सांगत तिने हात पोटापुढे लांब धरून दाखवला.

तिला इतकं पक्कं आठवायचं कारण साधं होतं. तेव्हा ती स्वतःही पोटुशी होती, पहिलटकरीण. म्हसावदच्या बाजाराची जीप आली, तीतून खालच्या गावची एक अवघडलेली बाई एकटीच उतरली आणि नाल्याने चालत आली. हिच्या दारात दम खायला बसली. दोघींनी एकमेकींची पोटं बघितली, कुणाचं मोठं यावरून हसल्या. हिने तिला भाकरी आणि अंबाडीची भाजी दिली. ती तिने डाव्या हाताने खाल्ली, म्हणून पण लक्षात राहिली. मग दोघी मिळून इथे आल्या. ही तिला म्हणाली, अगं, अजून बाळंत व्हायची आहेस, आता कसला सुलटा हात? तर ती म्हणाली, पोर झालं की सव्वा महिना घराबाहेर कोण सोडणार, मग पेरणीची घाई, मग मला इथे कोण आणणार? आणि आली तर माझी माय बरोबर येईल आणि उजवा हात करायला लावेल. मागितला मायच्या हाताने, देते माझ्या हाताने.

"हासी ऱ्हायनी व्हती," पावरा बाई म्हणाली. "बहू हासी ऱ्हायनी व्हती. मायले सांगू नको म्हने."

मी विचारलं, इतक्या वर्षांत तू कुणाला बोलली नाहीस? ती म्हणाली, कुणाला बोलू? कुणी आलंच नाही. ती बाई मुलाला घेऊन दाखवायला येते म्हणाली होती. पुष्कळ दिवस वाट बघितली. वाटलं, विसरली.

तेव्हा मी तिला सांगितलं, काय झालं ते. तिने कोयता खाली ठेवला आणि भाचीपाशी जाऊन तिची हनुवटी धरून वर केली, आणि तिचा चेहरा बघत राहिली, वाट बघितलेली पाहुणी ओळखावी तशी.

भाची उठून भिंतीपाशी गेली. तिने आपला डावा हात त्या हातावर ठेवला. तिची बोटं पेरभर बाहेर आली. तिने हात काढला, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ल्हानसी व्हती वं ती."

ती सत्तावीस वर्षांची होती, मी म्हणाले. भाची आता बावीसची. दोघींत पाच वर्षांचंच अंतर होतं, आणि मला तोवर कधी ते जाणवलं नव्हतं. माझ्या डोक्यात धाकटी नेहमी कुणाची तरी आई होती.

भाची तिथेच भिंतीला डोकं टेकून रडली. मूल गेल्यापासून ती रडलीच नव्हती, नुसती पडून होती. आता रडली ती आपल्या मुलासाठी की आईसाठी, मला सांगता येणार नाही, आणि मी विचारलं नाही. पावरा बाई आणि मी पडक्या खांबावर बसून राहिलो. मीही रडले. देवाबिवाचा संबंध नव्हता. माझी बहीण एवढं पोट घेऊन या दगडांतून एकटी चालत आली होती, खूश होती, आणि आम्ही बावीस वर्षं तिला एका अर्धवट नवसाची बाई करून ठेवलं होतं.

परतताना भाचीने गेरूचा डबा उघडलाच नाही. तो तिने पावरा बाईला दिला, होळीला भिंतीवर काढायला. बाईने आम्हाला भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. भाचीने दोन खाल्ल्या.

जीपमध्ये ती म्हणाली, "ती नही घाबरनी, मावशी." मी म्हणाले, ती कशालाच घाबरत नव्हती, आमच्या आईला सोडून.

आणि मग आईला काय सांगायचं, हा प्रश्न आला. मी आईला ओळखते. सुलटा हात झाला होता म्हटलं तर ती विचारणार, कधी? मूल व्हायच्या आधी म्हटलं की कपाळावर हात मारणार: पदरात पडायच्या आधीच पावती दिली, म्हणून देव कोपला. त्यात डाव्या हाताने म्हटलं की मग विचारायलाच नको. आजवर एका उलट्या हाताची भीती होती, आता सुलट्याची झाली असती. आम्ही दोघींनी ठरवलं की साधं सांगायचं: गेलो, भाचीने सुलटा हात केला, झालं. म्हातारीला आता शांतपणे मरू दे. खोटं बोलायला मला काही वाटणार नव्हतं. पोरांना शाळेत आणण्यासाठी मी आयुष्यभर गावात गोड खोटं बोललेय.

आई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. आम्ही पायरी चढलो तशी तिने सूप बाजूला ठेवलं. "व्हयनं का वं?"

"व्हयनं," मी म्हणाले.

आईने भाचीला जवळ बोलावलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. उलटेपालटे करून बघितले. आई अडाणी असेल, पण आंधळी नाही. तेलातला गेरू दोनदोन दिवस नखांतून जात नाही. पोरीचे हात स्वच्छ होते. आईने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कोनी करा?"

हात कुणी केला, ते सांगायला भाचीने माझ्याकडे बघितलं. खरं सांगायचं तर मलाही आता लपवालपवीचा कंटाळा आला होता. मी सांगून टाकलं. जीप, पोट, पावरा बाई, अंबाडीची भाजी. आधीच करून गेली होती म्हणाले. आई मान खाली घालून ऐकत होती. मला वाटलं, आता सुरू होईल.

ती एवढंच म्हणाली, "कोनता हातघाई?"

"डाव्या," मी म्हणाले, आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले.

आईने भाचीचे हात सोडले. मग ती म्हणाली, "मंग तो मन्ही आंडेरनाच शे." आंडेर म्हणजे लेक. हा शब्द तिने धाकटीसाठी वापरलेला मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता.

"आजी, ती हासी ऱ्हायनी व्हती," भाची म्हणाली.

आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. बोटं अशी फिरवत होती, जणू त्यांच्यात काहीतरी धरलंय, एखादी दोरी नाहीतर चिंधी. "मी बांधेल व्हता तो हात," ती म्हणाली. "लुगडानी चिंधीघाई. रोज बांधेल व्हता." मग, अगदी हळू, "सुटना मंग." सुटला मग, म्हणत होती.

आणि तिने पदर तोंडावर घेतला. भाची तिला धरून बसली, आणि आई तिच्या खांद्यावर डोकं टेकून एखाद्या लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. मला तिथे उभं राहवेना. सोललेल्या तुरीचं सूप उचलून मी आत गेले आणि भाकरीचं पीठ घेतलं. पहिली भाकरी मी डाव्या हाताने थापून बघितली. ती मोडली.